नावडतीचं मीठ अळणी लागतं तेव्हा नेमकं काय होतं?

आमच्या घरी दोन मिक्सर आहेत आणि दोघांचा आवाज जवळजवळ सारखाच आहे. हे मी उगाच म्हणत नाहीये, मोबाईलवर आवाज मोजायचं एक फुकट ॲप टाकून बघितलंय, एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक असेल नसेल. पण आईला विचारा. जुना सुमीत, जो ताई शाळेत होती तेव्हापासून आहे, तो "कसा दणकट चालतो, मोटरच भरदार आहे त्याची", आणि मी गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन मागवलेला नवा, तो "नुसता कोकलतो, बघ महिन्याभरात जळणार". झालं काय तर पहिल्याच दिवशी दाण्याचा कूट करताना नव्याला थोडा जळका वास आला. तेवढंच. त्या दिवसापासून नव्यावर चटणी भरड झाली की मिक्सर भिकार, आणि सुमीतवर भरड झाली की "आज दाणे नीट भाजले गेले नव्हते".

नावडतीचं मीठ अळणी. म्हण आपण सगळेच वापरतो पण कधी थांबून विचार केलाय का, मीठ अळणी कसं असेल? मीठ म्हणजेच खारट. तरी ते अळणी लागतं, आणि ज्याला लागतं तो खोटं बोलत नसतो, नाटक करत नसतो, त्याला खरंच तसं लागतं. माझ्या मते सगळी गंमत या "लागतं"मध्ये आहे. आईला नवा मिक्सर खरंच जास्त मोठ्याने ऐकू येतो.

मानसशास्त्रात याला कन्फर्मेशन बायस म्हणतात, मराठीत पुष्टीपूर्वग्रह असा काहीतरी जड शब्द करता येईल पण तो घरात कोणी वापरणार नाही. साधा अर्थ असा की डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की पुढची जी माहिती तिच्याशी जुळते ती आपण पटकन आत घेतो, जी जुळत नाही ती दारात उभी करून चार प्रश्न विचारतो, आणि जी अर्धवट असते, म्हणजे इकडेही ओढता येईल आणि तिकडेही, ती आपल्या बाजूला ओढतो. हे सगळं न ठरवता, आपोआप. मी नऊ-दहा वर्षं हिंजवडीत कस्टमर सपोर्टमध्ये काढली आहेत, आधी फोनवर आणि नंतर त्या "कस्टमर एक्स्पीरियन्स" नावाच्या टीममध्ये, आणि मला हळूहळू एवढं कळलं की आम्ही ज्याला कस्टमरचा अनुभव म्हणून मोजत होतो त्यातला बराचसा भाग आमचा फोन लागायच्या आधीच ठरलेला असायचा.

पीटर वेसन नावाचा एक ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९६० मध्ये एक प्रयोग छापला, तो तुम्ही घरी जेवताना कोणावरही करून बघू शकता. समोरच्याला सांगायचं, २-४-६ हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात, तू असेच तीन-तीन आकडे सांगत जा, बसतात की नाही ते मी सांगतो, खात्री झाली की नियम ओळख. बहुतेक लोक म्हणतात ८-१०-१२. हो, बसतात. २०-२२-२४? हो. मग छाती फुगवून, "प्रत्येक वेळी दोन वाढवायचे!" चूक. नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत, १-२-३ चाललं असतं आणि ५-७०-९०० पण चाललं असतं. वेसनच्या २९ जणांपैकी फक्त ६ जण आधी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तरापर्यंत पोचले. बाकीच्यांकडे हुशारीची कमी नव्हती, त्यांनी फक्त "हो" येईल असेच प्रश्न विचारले. "नाही" येईल असा प्रश्न विचारून बघावा हे बहुतेकांना सुचलंच नाही.

आता हेच आपल्या घरातल्या वायफायला लावा. ज्याच्या डोक्यात बसलंय की आपलं नेट स्लो आहे तो स्पीड टेस्ट कधी करतो? मॅच बघताना गोल गोल फिरायला लागलं की. आकडा कमी येतो, तो स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, "बघा, हे असं आहे". सगळं सुरळीत चालू असताना, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कोणी माईचा लाल स्पीड टेस्ट करत नाही. म्हणजे त्याच्याकडचे वीस स्क्रीनशॉट खरेच आहेत, एकही खोटा नाही, आणि तरी ते वीसही एकाच बाजूचे आहेत. मी सपोर्टला असताना असे स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या लोकांवर चिडायचो, नंतर लक्षात आलं की मी स्वतः ओला-उबरचे वाढलेले रेट तेवढे लक्षात ठेवतो आणि स्वस्तात झालेल्या राइड विसरून जातो.

पण मीठ अळणी "लागतं" हा मुद्दा राहिला. म्हणजे हे फक्त बोलण्यापुरतं असतं की जिभेपर्यंत जातं? यावर २००६ मध्ये एक भारी प्रयोग छापून आला, बिअरचा. अमेरिकेत एमआयटीच्या पबमध्ये आलेल्या लोकांना दोन बिअर चाखायला दिल्या, एक साधी आणि एकात बाल्सामिक व्हिनेगरचे थोडे थेंब टाकलेले. काही जणांना व्हिनेगरबद्दल काहीच सांगितलं नाही, काहींना चाखायच्या आधी सांगितलं, आणि काहींना चाखून झाल्यावर पण मत द्यायच्या आधी सांगितलं. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवाली जास्त आवडली (हो, खरंच). ज्यांना आधी सांगितलं त्यांच्यात तिची आवड एकदम घसरली. आणि ज्यांना चाखल्यानंतर सांगितलं? ते जवळजवळ काहीच माहीत नसलेल्यांसारखेच राहिले.

हे तिसरं टोळकं महत्त्वाचं आहे. व्हिनेगर म्हटल्यावर नाक मुरडणं हा नुसता मताचा भाग असता तर नंतर कळलेल्यांनीही नाक मुरडलं असतं ना, त्यांना पण तीच माहिती मिळाली होती. पण त्यांचा घोट आधीच पोटात गेला होता, चव नोंदून झाली होती. आधी मिळालेली माहिती चवीत मिसळते, नंतर मिळालेली बाहेर उभी राहते. वाइनचंही असंच, २००८ च्या एका अभ्यासात तीच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली तर ९० वाली जास्त आवडली, आणि मेंदूचा स्कॅन चालू होता त्यातही सुखद वाटण्याशी संबंधित भाग जास्त पेटलेला दिसला. म्हणजे लोक शाईन मारत नव्हते. लग्नात केटरर कोण आहे हे आधी कळलं की मठ्ठ्याची चव बदलते, ती अशी.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की मग काय, नाव झालं की कसाही माल खपतो, जाहिरात करा आणि मोकळे व्हा. तसं नाहीये, आणि हा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो म्हणून जरा नीट सांगतो.

१९८६ मध्ये स्टीफन हॉक आणि यंग-वॉन हा या दोघांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. वस्तू होत्या पोलो टी-शर्ट आणि पेपर टॉवेल, म्हणजे किचनमध्ये सांडलेलं पुसायचे कागद. लोकांना आधी एखाद्या ब्रँडची जाहिरात दाखवायची, मग वस्तू हातात देऊन तपासायला लावायची. पेपर टॉवेल कसा आहे हे कळायला काय लागतं, पाणी सांडा, पुसा, कागद फाटला की टिकला ते डोळ्यासमोर दिसतं. तिथे जाहिरातीचा काही परिणाम झाला नाही, लोकांनी जे दिसलं तेच सांगितलं. पण टी-शर्ट? कापड हातात घेऊन बघितलं, शिवण बघितली, कॉलर बघितली, बरा वाटतोय, पण खरंच चांगला आहे का हे कोण सांगणार, दहा धुण्यांनंतर कळेल ते. तिथे जाहिरातीने कमालीचा फरक पडला. ज्या ब्रँडची जाहिरात बघितली होती तो लोकांना सरस वाटला, आणि शर्ट तपासतानाही ते जाहिरातीतल्या दाव्याला धरून पुरावा शोधत होते, म्हणजे वेसनचं २-४-६ पुन्हा, फक्त आकड्यांऐवजी कापड.

मी हे वाचल्यापासून जगातल्या सगळ्या गोष्टी टॉवेल आणि टी-शर्ट अशा दोन ढिगांत टाकायला लागलोय, बायको वैतागली आहे. दुधाची पिशवी फुटकी आली, हा टॉवेल. दूध "पातळ वाटतंय", हा टी-शर्ट. लाइट गेली की आहे हा टॉवेल, बिल "जास्तच आलंय" हा टी-शर्ट, कारण युनिट कसे मोजले, स्लॅब कुठला लागला, इंधन समायोजन आकार म्हणजे काय हे कोणाला पटकन दिसत नाही. डॉक्टर तर जवळजवळ पूर्ण टी-शर्ट, त्यांनी बरोबर गोळी दिली की नाही हे आपल्याला कळायची सोयच नाही, मग आपण बघतो काय तर बोलले कसे, घाईत होते का, स्टेथोस्कोप लावला का. आणि गोळीनं गुण आला तर "हाताला गुण आहे", नाही आला तर पहिल्यापासून विश्वास असलेला माणूस म्हणतो "व्हायरलच तसं आलंय यंदा" आणि विश्वास नसलेला म्हणतो "मी म्हटलं होतं".

थोडक्यात काय, जिथे पुरावा लख्ख असतो तिथे मन फार काही करू शकत नाही. जिथे धूसर असतं तिथे मन स्वतःजवळचं पीठ भरून भोक बुजवतं. आणि सर्व्हिस नावाच्या धंद्यात सगळं धूसरच असतं. सगळ्यात धूसर म्हणजे शांतता. "तुमची कम्प्लेंट रजिस्टर झाली आहे" असा मेसेज आल्यावर तीन दिवस काहीच नाही, या तीन दिवसांत आत चार माणसं धावत असतील किंवा फाइल टेबलावर पडून असेल, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ज्याचं त्या कंपनीबद्दल मत चांगलं तो समजतो काम चालू असेल, ज्याचं वाईट तो समजतो झोपलेत. तीच शांतता, तेवढेच तास.

पुण्यात राहून चितळ्यांचं नाव न घेता हा विषय पुढे नेणं शक्य नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद यावर जेवढे विनोद झालेत तेवढे एखाद्या पंतप्रधानावर झाले नसतील. २०१७ मध्ये त्यांनी दुपारीही दुकान चालू ठेवायला सुरुवात केली, बातम्या आल्या, व्हॉट्सॲपवर एक आठवडा धमाल झाली. आणि विनोद? ते अजून तसेच चालू आहेत. नागपूरचा माझा एक मित्र मागच्या वर्षी आला, त्याला लक्ष्मी रोडला एका भलत्याच दुकानाचं शटर अर्धं खाली दिसलं, दुपारचे दोन, तो आनंदाने ओरडला, "बघ! पुणे!" वाटेत आम्ही किमान तीस उघडी दुकानं मागे टाकली होती. ती त्याने मोजली नाहीत, कशाला मोजेल.

ही गंमत झाली, पण नॅनोच्या बाबतीत हेच महागात पडलं असं माझं मत आहे. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली होती, लाखाची गाडी. २००९ ला विक्रीला आली. पण डोक्यात बसलेला शब्द होता "स्वस्त", आणि आपल्याकडे स्वस्त हा शब्द भाजीला चांगला, गाडीला नाही. २०१० च्या सुमारास काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या. आता गाड्यांना आगी लागतात, महागड्या गाड्यांनाही लागतात, त्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. नॅनोची बातमी मात्र आधीच तयार असलेल्या खाचेत चपखल बसली, "एवढ्या पैशात अजून काय मिळणार". जागा किती, मायलेज किती, शहरात पार्किंगला किती सोपी हे टॉवेलसारखे लख्ख मुद्दे होते खरं तर, पण ते तपासायला आधी शोरूममध्ये जावं लागतं, आणि शेजारी काय म्हणतील हा टी-शर्ट घेऊन कोण जाणार. सर्वात स्वस्त गाडी अशी ओळख झाली ही चूक होती असं स्वतः रतन टाटा नंतर जाहीरपणे बोलले. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. फक्त या एका शब्दामुळे गाडी बुडाली असं मी म्हणणार नाही, बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला कारखाना हलवण्यात गेलेला वेळ होता, बाकी कारणं होती, पण शब्द नडला.

उलट बाजूला मॅगी. जून २०१५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, शिसं आणि एमएसजीच्या लेबलवरून बंदी घातली, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती उठवली, पुन्हा चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली. मधल्या काळात आमच्या हॉस्टेलवाल्या जुन्या ग्रुपवर काय चाललं होतं ते आठवा. शिसं म्हणजे विष, हे सगळ्यांना माहीत. तरी एकजात सगळे "आपण लहानपणापासून खातोय, काय झालं आपल्याला?" कोणीही रक्त तपासून बोलत नव्हतं. वीस वर्षांच्या पावसाळी संध्याकाळी एका बाजूला आणि लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या बाजूला, रिपोर्टचं काय चालणार. नॅनोच्या वेळी बातमी मताला जुळली म्हणून खरी, मॅगीच्या वेळी जुळली नाही म्हणून "काहीतरी राजकारण आहे". आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

विकत घेतल्यानंतर हा प्रकार अजून वाढतो. माझ्या दाजींनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घ्यायच्या आधी दोन महिने सगळ्या कंपन्यांचे व्हिडिओ बघत होते, इतके की ताईने टीव्हीचा रिमोट लपवला. मला वाटलं घेतल्यावर थांबतील. उलट झालं, आता फक्त त्याच मॉडेलचे रिव्ह्यू बघतात, घेऊन झालेल्या गाडीचे! मी विचारलं दाजी, आता कशाला, तर म्हणाले "माहिती असलेली बरी". १९५७ मध्ये अमेरिकेत नवीन कार घेतलेल्या लोकांवर याचाच अभ्यास झाला होता, त्यांनी पेपर-मासिकांतल्या कुठल्या जाहिराती वाचल्या ते तपासलं, तर स्वतः घेतलेल्या गाडीच्या जास्त, आणि जी घ्यायचा विचार करून सोडली होती तिच्या कमी. लिऑन फेस्टिंगरचा कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत त्याच वर्षी पुस्तकरूपात आलेला, म्हणजे मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी असल्या की अस्वस्थ वाटतं आणि आपण एक बदलतो. दीड लाख गेले ही गोष्ट बदलता येत नाही, मग गाडी भारी आहे ही गोष्ट पक्की करायची. व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर १९६८ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की दोन डॉलर लावायला खिडकीकडे चाललेल्यांपेक्षा नुकतेच लावून बाहेर आलेल्यांना आपला घोडा जिंकायची जास्त खात्री होती. घोडा तोच, जॉकी तोच, अर्ध्या मिनिटात काय बदललं?

दाजींच्या स्कूटरची रेंज पावसाळ्यात कमी झाली तेव्हा ते म्हणाले, "रस्तेच खराब आहेत." दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरची कमी झाली असती तर बॅटरीच खराब असती.

आता काउंटरची दुसरी बाजू, कारण आत्तापर्यंत मी गिऱ्हाइकाला नावं ठेवल्यासारखं झालं. हाच आजार दुकानदाराला, कंपनीला, फोनवरच्या माणसाला तेवढाच होतो, आणि तिथे जास्त नुकसान करतो कारण अधिकार त्याच्याकडे असतो.

आम्ही फोन घ्यायच्या आधी स्क्रीनवर कस्टमरचे जुने नोट्स दिसायचे. एक केस मी विसरू शकत नाही, कंपनीचं नाव राहू दे. सांगलीकडचे एक रिटायर्ड मास्तर होते, म्हणत होते माझे पैसे दोनदा कापले गेले. आमच्या सिस्टिमवर एकच पेमेंट दिसत होतं. पहिल्याने नोट लिहिली, "कस्टमर कन्फ्यूज्ड, समजावून सांगितलं." दुसऱ्याने लिहिलं, "कस्टमर रूड, वरिष्ठांना द्या म्हणतो." तिसरा मी. मी हे वाचून फोन उचलला, म्हणजे व्हिनेगर आधीच सांगितलेलं. मग मी काय विचारलं? "सर, दुसरं कुठलं बिल भरलं असेल का? घरात अजून कोणी हे ॲप वापरतं का? आधीच्या महिन्याचं असेल का?" सगळे प्रश्न अगदी नम्र, सगळ्या प्रश्नांचा अर्थ एकच, तुम्ही चुकलात. ते चढ्या आवाजात बोलायला लागले आणि मला वाटलं हां, नोटमध्ये लिहिलंय तसंच आहे. मीही एक नोट वाढवली.

अकरा दिवसांनी कळलं की त्यांचं दुसरं पेमेंट त्यांच्याच एका जुन्या, बंद केलेल्या खाते नंबरवर जाऊन पडलं होतं. त्या व्यवहाराचा रेफरन्स नंबर त्यांनी पहिल्याच फोनमध्ये वाचून दाखवला होता, रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येत होता, आकडा आकडा सुटा करून, वर्गात शुद्धलेखन घालावं तसा. तिघांपैकी एकानेही तो सर्चमध्ये टाकला नव्हता. टाकला असता तर वीस सेकंदांचं काम.

१९७८ मध्ये मार्क स्नायडर आणि विल्यम स्वान यांनी हे प्रयोगात दाखवलंय. लोकांना सांगितलं की समोरचा माणूस बोलका आहे का ते शोधा, तर त्यांनी प्रश्न निवडले "पार्टीत मजा आणायची तर तू काय करशील" या छापाचे, आणि घुमा आहे का शोधा म्हटलं तर "लोकांशी मोकळं बोलायला तुला काय अवघड जातं" असले. आणि समोरचा बिचारा विचारलं तेवढंच उत्तर देतो, त्यामुळे खरंच तसाच दिसायला लागतो. मास्तर रूड होते का? तिसऱ्या फोनला कोण नसेल. तेव्हापासून मी आधी माणसाचं ऐकायचं आणि मग नोट उघडायची अशी सवय लावली, टीमला पण लावायचा प्रयत्न केला, पण कॉल किती मिनिटांत संपवायचा याचं टार्गेट असलं की असल्या सवयी टिकत नाहीत हे पण खरं.

आणि ते स्टार! दुरुस्तीला आलेला मुलगा जाताना म्हणतो ना, "सर मेसेज येईल, पाच स्टार द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात." आपण देतो, त्याच्याकडे बघून. मग मीटिंगमध्ये स्क्रीनवर ४.८ झळकतं आणि साहेब लोक मान डोलावतात, कारण आपण चांगलेच आहोत हे त्यांना आधीपासून माहीत असतं. जे वैतागून सोडून गेले त्यांना मेसेज जातच नाही. मी एकदा त्या मीटिंगमध्ये म्हटलं की सोडून गेलेल्यांना फोन करू या, तर उत्तर आलं, ते काय, निगेटिव्हच बोलणार. ५-७०-९०० विचारायची तयारीच नाही.

बरं, यावर चांगले धंदेवाले काय करतात ते बघण्यासारखं आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी मानसशास्त्राचं एक पान वाचलेलं नसतं. आमचा गॅरेजवाला ब्रेक पॅड बदलले की जुने पॅड प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवतो, झिजलेली बाजू वर. मला त्या जुन्या पॅडचं काय करायचंय, पण त्याने टी-शर्टचा टॉवेल केला. किराणावाला काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा पाइप घालायच्या आधी ओरडतो, "साहेब, झिरो बघा!" ज्या धंद्यावर लोकांचा आधीपासून संशय त्याच धंद्यात ही पद्धत रुजली, उगाच नाही. ती कितपत पुरते हा वेगळा प्रश्न आहे, माझे सासरे झिरो बघूनसुद्धा नोजलकडे संशयाने बघतच राहतात.

दुसरी युक्ती आधी सांगण्याची. बिअरचा प्रयोग उलटा करून बघा. आधी सांगितलेली गोष्ट जर अनुभवात मिसळते तर त्रासही आधीच सांगावा. लस देणारी सिस्टर सांगते, "रात्री ताप येईल, घाबरू नका." ताप आला की आई-बाप म्हणतात, बरोबर, सिस्टर म्हणाल्याच होत्या, आणि सिस्टरवरचा विश्वास वाढतो. न सांगता तोच ताप आला असता तर रात्री दोनला फोन. फक्त एक आहे, ही युक्ती भोंदूंनाही चांगली माहीत असते. "आधी त्रास वाढेल, मग उतरेल" हे वाक्य त्यांनी कशाला शोधून काढलं? त्रास वाढला तरी बाबा खरे, उतरला तरी बाबा खरे. म्हणून कोणी आधीच काही सांगून ठेवलं की मी विचारतो, किती दिवस, आणि त्यानंतरही राहिलं तर काय. सिस्टरकडे याचं उत्तर असतं.

नव्या मिक्सरच्या डब्यात एक पुस्तिका होती, बारीक अक्षरात, सहा भाषांत. मी ती तीन महिन्यांनी उघडली. त्यात लिहिलं होतं की मोटरवर वॉर्निशचा थर असतो, पहिल्या काही वेळा चालवताना जळका वास येऊ शकतो, ते नॉर्मल आहे. डिलिव्हरीच्या पोराने, नाहीतर मी, डबा उघडताना हे एक वाक्य आईला सांगितलं असतं तर वास आल्यावर ती म्हणाली असती, "हां, येतो म्हणे वास." मी ते पान तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते असंच लिहितात." बिअर पिऊन झाली होती.

मग मी शेवटचा उपाय केला. सुमीतचा कपलर झिजला होता तो तपकीर गल्लीत जाऊन आणला, दोन्ही मिक्सर ओट्यावर शेजारी शेजारी लावले, आईला हॉलमध्ये बसवलं, स्वयंपाकघराचं दार लावलं. तेवढंच ओलं खोबरं, तेवढ्याच मिरच्या, कोथिंबीर, मीठ मोजून, दोन्हीत तेवढीच सेकंदं. दोन सारख्या वाट्या बाहेर नेल्या, खाली बॉलपेनने खूण केलेली. तिने दोन्ही चाखल्या, बोटाने चोळून पण बघितल्या, आणि अजिबात वेळ न लावता डावीकडची वाटी पुढे केली, "ही आपल्या सुमीतची. बघ कशी मुलायम आहे."

वाटी उलटी करून दाखवली. नव्याची होती.

आई दोन सेकंद बघत राहिली, मग उरलेली चटणी एकाच वाटीत काढत म्हणाली, "खोबरं चांगलं होतं आज."